ठाणे ते शिर्डी : दिवसाला किती चालायचं?

पदयात्रेची आखणी करायला बसलं की एकूण अंतराला दिवसांनी भागायचं, ही सवय सगळीकडेच दिसते. आमच्या मंडळातही तसंच झालं. मंडळाची पालखी ठाण्यातल्या माजिवड्याहून निघते आणि रामनवमीच्या आदल्या संध्याकाळी शिर्डीत पोचते. अंतर सुमारे २२० किलोमीटर. पडघा, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटी, मग नाशिकला न जाता उजवीकडे सिन्नरचा रस्ता, पुढे वावी आणि शिर्डी. सोसायटीच्या ऑफिसात बैठक होती. एका मुलाने मोबाईलवर नकाशा उघडला, भागाकार केला आणि जाहीर केलं, "रोज तीस. निवांत होतंय."

त्याचा हिशोब पूर्ण व्हायच्या आतच आमच्या मावशींनी पर्समधून एक चतकोर कागद काढला. मावशी कैक वर्षं आळंदीची वारी करतात. कागदावर आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या माउलींच्या पालखीचं वेळापत्रक होतं. पुणे ते सासवड ३२ किलोमीटर, तेही दिवेघाट चढून. सगळ्या वाटचालीतला हा सर्वांत मोठा दिवस. पण त्याच्या आधी पुण्यात दोन रात्री मुक्काम असतो. पुढे सासवड-जेजुरी १६, जेजुरी-वाल्हे १२. वाल्ह्याहून लोणंद २०, वाटेत नीरा स्नान. लोणंद ते तरडगाव फक्त ८, कारण चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण. मग पुन्हा फलटणपर्यंत २१. मावशी म्हणाल्या, "यात रोज सारखं अंतर दाखव मला."

ते वेळापत्रक पाहताना मला पहिल्यांदा नीट जाणवलं की ते पायांच्या ताकदीवर बेतलेलं नाही. एवढ्या लोकांना उतरायला जागा, पाणी, देवाचा कार्यक्रम आणि दमलेल्या अंगाला सावरायला वेळ, या चार गोष्टींवरून ते ठरलेलं आहे. किलोमीटर त्यातून आपोआप येतात.

मग आम्ही घड्याळावरून हिशोब मांडला. एकटा माणूस सपाट रस्त्यावर तासाला पाच किलोमीटर सहज जातो. पालखीसोबत तेवढे होत नाहीत. गावोगावी आरती होते, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटतो, कुणाला पायाला पट्टी बांधायची असते. तासाला तीन, फार तर साडेतीन धरावेत. त्यात चैत्र. शहापूरकडे दहा वाजल्यानंतर डांबर इतकं तापतं की बुटातूनही चटका जाणवतो. म्हणजे चालायचे तास पहाटे चार ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात. अंधार पडल्यावर ट्रेलरच्या बाजूने बायका-म्हाताऱ्यांना चालवायचं नाही, हे मी बैठकीत हट्टाने लिहून घेतलं. एवढ्या तासांत पंचवीस किलोमीटर बसतात, आणि तेही पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तळव्याला फोड आलेले असतात, तिसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतात. चौथ्या दिवसानंतर अंग सरावतं असं सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे, पण त्यासाठी मधले दोन दिवस हलके हवेत. ठाण्यातच येऊरला किंवा उपवनला केलेला सराव कामी येतो. मात्र तिथे सकाळची सावली असते आणि तासाभराने आपण घरी असतो, हे लक्षात ठेवावं.

या मार्गाची एक सोय मला फार आवडते. कसाऱ्यापर्यंत आपली लोकल जवळपास असते. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा. कुणाला झेपलं नाही, ताप आला, तर रिक्षाने स्टेशन गाठायचं, लोकलमध्ये बसायचं, रात्री घरी. म्हणून कसाऱ्यापर्यंतचे मुक्काम मी स्टेशनं पाहून ठरवले. शहापूरच्या मुक्कामाहून कसारा पस्तीसच्या घरात जातं. ते एका दिवसात बसत नाही, म्हणून मध्ये खर्डी. हा टप्पा बावीस-तेवीस किलोमीटरचा, कागदावर सोपा.

पहिले दोन दिवस पार पडले. माजिवडा ते वडपे रुंदीकरणाची धूळ, पडघ्याजवळ आमण्याहून समृद्धी महामार्गाला लागणाऱ्या गाड्यांची रांग. त्या गाड्या दोन-तीन तासांत शिर्डीत असतात. आम्ही तिकडे बघतही नव्हतो.

खर्डीच्या दिवशी पहाटे निघालो. आटगावला चहा झाला. आमचा पाण्याचा टेम्पो जार भरून आणायला शहापूरला मागे गेला आणि परतताना अडकला. पुढे कुठेतरी कंटेनर आडवा झाला होता, रस्ता बंद. फोनवर सेवेकरी सांगत होता, "ताई, इंचभर हलत नाहीये." साडेनऊ वाजले होते. बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या. हायवेवर हॉटेलं आहेत, पण त्या पट्ट्यात नेमकं काही नव्हतं. एक पेट्रोल पंप लागला, तिथल्या शौचालयाला कुलूप होतं आणि चावी देणारा माणूस जागेवर नव्हता. बायकांच्या दृष्टीने टप्प्याचं अंतर या कुलपावर ठरतं, आणि आखणी करणारे पुरुष ते कधीच मोजत नाहीत. कित्येक जणी लघवीला जायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत आणि मग उन्हात चक्कर येऊन पडतात. त्या दिवशी मागे राहिलेल्या काकूंचं तेच झालं.

काकूंना सावलीत बसवायचं म्हणून आम्ही रस्त्यालगतच्या एका पाड्यात शिरलो. पहिल्याच घरासमोर एक बाई भांडी घासत होती. भांडी राखेने पुसून ठेवलेली, विसळायची बाकी. आम्हाला पाहून ती उठली, आतून सतरंजी आणली, काकूंना ओट्यावर आडवं केलं. मग घरातून पितळेचा हंडा आणला. हंड्याच्या तोंडावर ओलं फडकं बांधलेलं. पेला बुडवून एकेकाला पाणी दिलं. आमच्यातल्या एका काकांनी पाणी प्यायल्यावर सवयीने ओंजळ भरून तोंडावर मारली. बाई काही बोलली नाही. तिने पटकन एक परात उचलून त्यांच्या हाताखाली सरकवली. तोंडावरून ओघळलेलं पाणी परातीत पडलं. काकांचं झाल्यावर तिने ती परात उचलली आणि त्याच पाण्यात राखेची भांडी विसळायला घेतली. ती भांडी झाल्यावर उरलेलं गढूळ पाणी शेळीसमोर ठेवलं.

आम्ही सगळे गप्प झालो. ओट्याच्या कडेला निळे ड्रम होते, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, टँकर एक दिवसाआड येतो, विहिरीत पाणी सोडतो, मग बायका ते शेंदून घेतात. आज टँकरचा दिवस नव्हता.

"कुठून आलात?"

"ठाण्याहून."

"भातसाचं पाणी तुमच्याकडंच येतं ना?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. माहिती विचारावी तसं विचारलं. मी हो म्हटलं. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे, तानसा तलाव याच तालुक्यात आहे. मुंबईची तहान या भागावर भागते. ठाणे महापालिका भातसा नदीवरून पाणी उचलते. माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला तेच पाणी येतं. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. हे मी वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं वाचत आलेय. त्या ओट्यावर पेला हातात धरून बसल्यावर मात्र मला तो घोट गिळवेना.

पैसे तिने घेतले नाहीत. पोरासाठी चिक्की घेतली. "बाबांची उदी आणा," एवढंच म्हणाली. शिर्डीहून परतल्यावर एका रविवारी मी कसारा लोकलने खर्डीला उतरून रिक्षाने जाऊन ती उदी तिला दिली. तिने कपाळाला लावली, पोराच्या लावली, आणि पुन्हा पाणी आणायला आत वळली. या वेळी माझ्याजवळ भरलेली बाटली होती, ती मी आधीच काढून दाखवली.

टेम्पो बारा वाजता आला. काकूंना खर्डी स्टेशनला सोडून लोकलमध्ये बसवलं, सोबत एक मुलगी दिली. बाकीचे संध्याकाळी मुक्कामी पोचलो.

घाटाची भीती सगळ्यांनी घातली होती. कसारा ते इगतपुरी रेल्वेचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, असं ऐकून लोक आधीच धास्तावतात. पायी माणसाला मात्र एकूण चढ जेमतेम तीनशे मीटरचा. डोंगर चालणाऱ्यांचा नाइस्मिथचा नियम जुना आहे, १८९२ सालचा: सपाटीला तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्त. त्या हिशोबाने घाट अर्ध्या तासाने वेळ वाढवतो. पहाटेच्या गारव्यात, झाडांच्या सावलीत आम्ही गजर करत वर आलो आणि कुणी दमलं नाही. त्रास सपाटीच्या उन्हाने दिला. पुढचे मुक्काम ठरल्याप्रमाणे झाले. शिर्डीत दर्शनाला रात्र झाली.

पुढच्या वर्षाची आखणी आता सुरू आहे आणि ती मीच मागून घेतली आहे. वहीत किलोमीटरचा रकाना शेवटी गेलाय. त्याच्या आधी पाणी कुठे, सावली कुठे, बायकांसाठी उघडं शौचालय कुठे, आणि जवळचं स्टेशन कोणतं. पेट्रोल पंपांना आधी भेटून चावीचं बोलून ठेवायचं. शहापूर ते खर्डी हा टप्पा मोडून मध्ये आटगावला मुक्काम करायचा, म्हणजे एक दिवस वाढतो. त्यावरून मंडळात वाद झाला. नोकरी करणारे म्हणतात सुट्टी मिळणार नाही, त्यांचंही बरोबर आहे. ज्यांना जमत नाही त्यांनी कसाऱ्याला लोकलने येऊन सामील व्हावं, असं शेवटी ठरलं.

एका गोष्टीवर मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. शहापूर ते कसारा या पट्ट्यात आपण एकाही पाड्याचं पाणी वापरायचं नाही. दोन टेम्पो, दोन्हीवर ठाण्याहून भरलेल्या टाक्या, एक पालखीच्या पुढे आणि एक मागे, म्हणजे रस्ता बंद झाला तरी एक आपल्यासोबत राहील. परतीच्या वेळी टाकीत जे उरेल ते त्या पाड्यावरच्या ड्रममध्ये ओतायचं. दुसऱ्या टेम्पोचं भाडं कोण देणार असा प्रश्न आला, तर परातीत तोंड धुतलेल्या काकांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला.