सिंहाला कोणी विचारलं?

पंचतंत्रातली चार मित्रांची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. रानात मेलेल्या सिंहाची हाडं सापडतात. पहिला विद्वान सांगाडा जुळवतो, दुसरा त्यावर मांस-रक्त-कातडं चढवतो, तिसरा प्राण फुंकायला बसतो. तेव्हा चौथा, अडाणी म्हणवला गेलेला, म्हणतो, "जरा थांब, मला झाडावर चढू दे." पुढे जे व्हायचं ते होतं. विद्येपेक्षा व्यवहारज्ञान मोठं, असं तात्पर्य काढून आपण मोकळे होतो.

मला मात्र हल्ली त्या चौथ्याचं फारसं कौतुक वाटत नाही. त्याने एकदा बजावलं हे खरं, पण नंतर स्वतःपुरती फांदी गाठलीच ना? आणि सिंहाची बाजू तर कोणी मांडतच नाही. बिचारा निवांत मेलेला होता. न विचारता त्याला उठवलं, तेही उपाशीपोटी. त्याने सिंहाने करायचं तेच केलं. मेलेल्याला जिवंत करण्याइतकी विद्या असलेल्या माणसाला, उठल्यावर हा खाणार काय आणि राहणार कुठे, एवढं सुचू नये? पण प्राण फुंकण्यात जी शान आहे ती खायला घालण्यात नाही. पहिलं कौशल्य, दुसरी नुसती कटकट.

ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ अंधांसाठी वाटाड्या कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत काम करत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हवाईतल्या एका दृष्टिहीन बाईंना कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी. कॉनरननी लॅब्रेडॉर आणि केस फारसे न गळणारा पूडल, अशा दोन जातींच्या कुत्र्यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली, त्यातलं एक त्या घराला चाललं. उरलेल्या पिल्लांना सांभाळायला कोणी तयार होईना, कारण ती 'मिश्र' जातीची. मग कॉनरननी त्यांना नवं नाव दिलं, लॅब्राडूडल, आणि ही नवी जात असल्याचं जाहीर करवलं. पिल्लांना घरं मिळाली. पण नावाला एवढी मागणी आली की जो तो वाट्टेल तसे संकर करून विकू लागला, आनुवंशिक आजार तपासण्याचीही तसदी न घेता. २०१९ साली एका मुलाखतीत कॉनरन म्हणाले की आयुष्यात पश्चात्ताप वाटावा अशी ही गोष्ट आहे.

आता यात त्यांचा दोष किती? हेतू चांगला, काम चोख, नाव दिलं तेही पिल्लांच्या कळवळ्यापोटी. मी असतो तर मीही तेच केलं असतं. तरीही त्यांनी 'मी फक्त तीन पिल्लं जन्माला घातली, पुढचं लोकांनी केलं' असं म्हणून हात झटकले नाहीत, हे मला मोठं वाटतं. उशीर झाला होता, तो भाग वेगळा.

डॉली मेंढीच्या बाबतीत माणसं शेवटपर्यंत थांबली. एका प्रौढ मेंढीच्या पेशीपासून बनवलेली तिची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, म्हणून १९९६ साली स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत ती जन्मली. जगभर गाजावाजा झाला, वाद झाले आणि लोक पुढच्या बातमीकडे वळले. डॉली मात्र तिथेच राहिली. तिला कोकरं झाली, संधिवात झाला, त्यावर उपचार झाले, आणि २००३ मध्ये फुप्फुसाचा आजार बळावल्यावर तिला तिथेच शांत मरण दिलं गेलं. तिला जन्माला घालावं का, यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. पण तिच्या दुखऱ्या पायांकडे बघणारं कोणीतरी होतं.

आपल्यासारख्यांच्या हातून सिंह किंवा मेंढ्या होत नाहीत. होतात त्या एक्सेलच्या शीट. मीही एक केली होती, आमच्या विभागातल्या रजांचा हिशेब ठेवायला. कुलूप घातलेला एक पिवळा रकाना, बाजूला तंबी: 'याला हात लावू नये.' मी नोकरी बदलली, शीट मात्र तिथेच राहिली. नुसती राहिली नाही, वाढली. ज्या विभागांचे रजेचे नियमच वेगळे, त्यांनीही ती उचलली. एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं की तिथे आता रजा नाकारायची असली की साहेब मान वर न करता म्हणतात, "शीट नाही म्हणतेय." साहेबांना नाही म्हणायचा संकोच वाटत असेल, शीटला कसला संकोच? समोरचा माणूस गुपचूप परत जातो. त्याला मी कोण, हे माहीतही नसतं.

मग मी पहिल्याच पानावर साध्या मराठीत लिहून पाठवलं: ही कोणत्या नियमांसाठी केली आहे, कुठे चालणार नाही, आणि शंका आल्यास कोणाला विचारावं. खाली माझं नाव आणि फोन नंबर. तेव्हापासून फोन येतात, बहुतेक नको त्या वेळी. मी कुरकुरतो आणि उचलतो.

परवा एका नव्या बाईंचा आला. म्हणाल्या, "सर, त्या पिवळ्या रकान्याचं कुलूप काढून थोडा बदल केला तर चालेल?"

"अवश्य करा," मी म्हटलं. "फक्त आधी एक प्रत ठेवा, आणि माझ्या नावाखाली तुमचंही नाव आणि नंबर लिहा."

"मग राहू द्या, सर," त्या म्हणाल्या.