डाइव्ह टॉर्च अडकवायचा कुठे आणि सोडवायचा कसा

टॉर्च किती ल्युमेनचा, म्हणजे किती उजेडाचा घेऊ हे सगळे विचारतात, तो अंगावर कुठे आणि कसा अडकवू हे सहसा कोणी विचारत नाही. आणि मग नाईट डाइव्हला, म्हणजे रात्री पाण्याखाली, तोच प्रकार, टॉर्च मनगटाला दोरीने लोंबकळतोय, साहेब दोन्ही हातांनी मास्क नीट करतायत, आणि झोत वेडावाकडा फिरत आजूबाजूच्या सगळ्यांच्या डोळ्यात. नुसतं डोळ्यात जाणं एकवेळ चालेल हो, पण अंधारात आपण टॉर्चनेच बोलतो ना! समोर हळू गोल काढला म्हणजे ओके, भराभर आडवा हलवला म्हणजे काहीतरी गडबड आहे, इकडे बघ. लोंबकळणारा टॉर्च हा दुसरा सिग्नल आपोआप देत बसतो, बडी, म्हणजे आपला जोडीदार डायव्हर, दोनतीनदा दचकून बघतो, मग बघायचंच सोडून देतो. खरी अडचण आली तरी बघणार नाही.

त्यामुळे माझं मत, टॉर्च एकतर हातात किंवा मग अंगाला घट्ट चिकटलेला, मधलं काही नको. डब्यातून जी मनगटाची दोरी येते ती मी काढूनच टाकतो. दिवसाच्या डाइव्हला खडकाच्या फटीत डोकवायला छोटासा टॉर्च असेल तर ठेवा बापडी, पण निदान ओढली तर मनगटातून निघून येईल अशी इलॅस्टिकची ठेवा, गाठ मारून आवळलेली नको.

आता क्लिप. बोल्ट स्नॅप घ्या, म्हणजे ज्याला अंगठ्याने खिट्टी मागे ओढावी लागते तो. गिर्यारोहणातल्या कॅराबिनरसारखी, आत दाबली की उघडणारी क्लिप टॉर्चला लावू नका, कारण ती उघडायला तुमची गरजच लागत नाही, एखादी मासेमारीची दोरी किंवा गाइडलाइन (वाट सापडावी म्हणून बांधलेली दोरी) बाहेरून टेकली की आपणहून आत शिरते आणि बाहेर यायला मात्र तयार नसते. डायव्हर लोक तिला सुसाइड क्लिप म्हणतात ते उगाच नाही. स्नॅप ३१६ ग्रेड स्टेनलेस स्टीलचा बघा, आणि साइज हातातले ग्लोव्ह घालून ठरवा. दुकानात उघड्या हाताने छोटा स्नॅप फार गोड वाटतो, थंड पाण्यात जाड ग्लोव्ह घातले की त्याची खिट्टी सापडतच नाही.

स्नॅप टॉर्चला जोडताना मात्र बरेच जण एक गोष्ट करतात जी मला अजिबात पटत नाही, स्टीलची की-रिंग टाकून मोकळे होतात. धातूला धातू जोडला आणि खिट्टी मिठाने जाम झाली किंवा काही अडकलं तर पाण्याखाली कापणार कशाने? म्हणून मध्ये दोरी पाहिजे. केव्ह डायव्हिंगच्या रीळवर असते ती विणलेली नायलॉनची बारीक दोरी यासाठी मस्त. टॉर्चच्या मागच्या भोकातून आणि स्नॅपच्या डोळ्यातून (मागच्या कडीतून) ती तीनचार वेळा फिरवायची, मग त्या फेऱ्यांवरच आडवे वेढे घालून आवळायचं, म्हणजे मध्ये फट राहत नाही. शेवटी दोन टोकांची पक्की गाठ, जास्तीची दोरी कापायची आणि टोकं लायटरने वितळवून गाठीलगत दाबून टाकायची (ओल्या बोटाने दाबू नका, वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं, चाकूचं पातं वापरा). हे झाल्यावर स्नॅप धरून टॉर्च हलवून बघा, लुळा पडत असेल तर परत बांधा. काही जण दोरीऐवजी रबरी ओ-रिंग लावतात, जोरात ओढलं की तुटावी म्हणून, पण ती नको तेव्हाही तुटते, आणि मग टॉर्च कायमचा समुद्राला अर्पण.

बॅकअप टॉर्चची (मुख्य बंद पडला तर वापरायचा तो) जागा ठरलेली, खांद्याच्या पट्ट्यावरची छातीजवळची डी-रिंग, म्हणजे D आकाराची कडी. स्नॅप तिथे, काच खाली, आणि टॉर्चचं अंग पट्ट्याला धरून ठेवायला सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली रिंग. हा फुकटातला जुगाड केव्ह डायव्हर्सच्या हार्नेसवर (सिलिंडर अंगाला धरणाऱ्या पट्ट्यांवर) वर्षानुवर्षं चाललाय आणि विकत मिळणाऱ्या फॅन्सी होल्डरपेक्षा बरा चालतो. रिंग फार सैल केली तर टॉर्च पोटाखाली लोंबतो आणि कोरलला घासतो, फार घट्ट केली तर काढताना झटापट. जॅकेट टाइप बीसीडी (तरंगणं सांभाळायला हवा भरायचं जॅकेट) असेल तर डी-रिंगा कुठे आहेत ते आधी बघा, कारण काहींमध्ये त्या एवढ्या खाली असतात की टॉर्च सरळ मांडीवर आदळतो.

काढायचा क्रम महत्त्वाचा. आधी टॉर्च आहे तिथेच सुरू करायचा, मग रबरमधून ओढायचा, आणि सगळ्यात शेवटी स्नॅप सोडायचा. हातातून निसटला तरी निदान पेटलेला निसटेल आणि बुडताना दिसेल. डोकं फिरवून चालू होणारे जे टॉर्च असतात त्यांचं डोकं ठेवताना चांगलं सैल करून ठेवा, कारण चालू होण्याच्या अगदी काठावर ठेवलं तर खोल गेल्यावर पाण्याचा दाब ते आत ढकलतो आणि टॉर्च छातीवर एकटाच पेटून बसतो. गुहेत जाणाऱ्यांचा नियम एक मुख्य आणि दोन बॅकअप असा तीन टॉर्चचा आहे, मग डावीउजवीकडे एकेक, दोन्ही सारखेच बांधलेले.

मुख्य टॉर्चला गुडमन हँडल असेल तर तो डाव्या हाताच्या पाठीवर बसतो आणि बोटं मोकळी राहतात, बहुतेक वेळा क्लिप करायची वेळच येत नाही. कॅनिस्टरवाला (बॅटरी वेगळ्या डब्यात, केबलने हेडला जोडलेली) असेल तर बॅटरीचा डबा उजव्या कमरेला आणि हात मोकळे हवे असतील तेव्हा हेड उजव्या छातीच्या डी-रिंगला. लाँग होज (दुसऱ्याला हवा देता यावी म्हणून लांब ठेवलेला हवेचा पाइप) वापरत असाल तर क्लिप केल्यावर होजवरून एकदा बोट फिरवून बघाच, केबलखाली दबला असेल तर कोणाला हवा द्यायच्या वेळी निम्म्यातच अडकेल. आणि काही सेकंदांसाठी क्लिप करताय म्हणून टॉर्च बंद करू नका, खाली तोंड करून पेटता राहू द्या. बडीला तुम्ही कुठे आहात ते तेवढ्यावरून कळतं.

रिट्रॅक्टरबद्दल (स्प्रिंगने दोरी आपोआप आत ओढून घेणारी डबी) खूप विचारलं जातं. मला नाही आवडत. आत वाळू आणि मीठ गेलं की दोरी अर्ध्यावर थांबते, आणि चांगला चालतो तेव्हा सतत टॉर्च मागे ओढत राहतो. फोटोग्राफीवाले वापरतात, त्यांचं त्यांना. हेल्मेटवर टॉर्च लावला तर क्लिपचा प्रश्नच मिटतो, साइडमाउंटवाले (सिलिंडर पाठीऐवजी कुशीला लावणारे) आवडीने लावतात, फक्त ज्याच्याशी बोलायला मान वळवाल तो आंधळा होतो.

सराव कोरड्यात करा, घरी हार्नेस घालून, डोळे मिटून, एका हाताने, ग्लोव्ह घालून. डी-रिंग शोधायला दुसरा हात लागत असेल तर तिची जागा चुकलीये, पट्ट्यावर दोन बोटं वर किंवा खाली सरकवा. डाइव्हनंतर स्नॅप गोड्या पाण्यात बुडवून खिट्टी पाचसहा वेळा मागेपुढे करा, नुसतं वरून पाणी ओतून स्प्रिंगमधलं मीठ जात नाही. दोरी स्नॅपच्या डोळ्यापाशी केसाळ दिसायला लागली की कापून नवी बांधा.