ऱ्हिओची साल आणि ग्लिसरीन : नोंद सहावी

गोठवताना पेशी वाचाव्यात म्हणून ग्लिसरीनमध्ये भिजवलेली ऱ्हिओच्या (जांभळ्या पानांच्या शोभेच्या झाडाच्या) पानाची साल फ्रीझरमधून काढून पाण्यात ठेवली की फिकी पडते, तेव्हा पेशी गोठण्यामुळेच मरत असाव्यात, असे मी मागील नोंदीत लिहिले होते. गेल्या तीन रविवारांच्या कामानंतर तो निष्कर्ष मी मागे घेत आहे.

या वेळी सालीचा एक तुकडा फ्रीझरमध्ये ठेवलाच नाही. २० टक्के ग्लिसरीनमध्ये अर्धा तास ठेवून तो थेट नळाच्या पाण्यात घेतला आणि सूक्ष्मदर्शकातून ४०० पट विशालनाखाली पाहत बसलो. आक्रसून पेशीभित्तिकेपासून (बाहेरच्या कडक भिंतीपासून) सुटलेले पेशींचे जांभळे गोळे भराभर फुगू लागले, आणि भित्तिकेपर्यंत पोहोचण्याआधीच त्यांतील कितीतरी फुटून रंग पाण्यात विरून गेला. बर्फाचा एक कणही नसताना हे घडले. म्हणजे घात धुण्याच्या पायरीवर होत होता.

साखरेच्या द्रावणात आक्रसलेली पेशी तशीच राहते, कारण साखर पेशीपटलातून (भित्तिकेच्या आतल्या पातळ पडद्यातून) सहजासहजी आत जात नाही. ग्लिसरीन मात्र सावकाश आत शिरते, त्यामुळे पेशी आधी आक्रसते आणि पुढे तासा-दोन तासांत हळूहळू पुन्हा भरते. हे आत शिरणेच गोठवताना उपयोगी पडते, कारण त्यामुळे आतील क्षारांची तीव्रता प्राणघातक पातळीला जात नाही. पण बाहेर एकदम साधे पाणी आले, तर ग्लिसरीन बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी पाणी आत घुसते. पेशीपटल तर जेमतेम दोन-तीन टक्केच ताणले जाते. कॉर्नेल विद्यापीठात स्टेपोंकस यांनी राय या धान्याच्या पेशींवर दाखवून दिले होते की, थंडीला न सरावलेली पेशी आक्रसताना पटलाचा काही भाग लहान पिशव्यांच्या रूपाने आत ओढून घेते. मग पुन्हा फुगताना तेवढे पटल तिच्याकडे शिल्लक नसते. माझ्या स्लाइडवरही बहुधा हेच घडत असावे.

म्हणून आता १५, १० आणि ५ टक्के अशा उतरत्या द्रावणांत प्रत्येकी दहा मिनिटे ठेवूनच साल पाण्यात आणतो. न गोठवलेल्या तुकड्यात यामुळे बहुतेक पेशींचा रंग टिकला; गोठवलेल्या तुकड्यात काही मोजक्याच पेशींचा टिकला, पण पूर्वी एकीचाही टिकत नव्हता. अर्थात रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील रसाच्या पिशवीत असतो, त्यामुळे तो टिकला म्हणजे रिक्तिकेचे आवरण शाबूत आहे एवढेच सिद्ध होते. म्हणून पेशीपटलही शाबूत आहे का हे कळण्यासाठी प्रत्येक तुकड्यातील पेशी शेवटी साखरेच्या द्रावणात पुन्हा आक्रसतात का, हेही पाहतो.

मुंबईच्या पावसाळ्यात हे करणाऱ्यांसाठी एक सूचना. फ्रीझरमधून काढलेल्या उघड्या काचेवर क्षणात दव धरते आणि तेच पाणी कव्हरस्लिपच्या कडेने आत जाऊन द्रावण पातळ करते. परळच्या माझ्या घरात जुलैत हा त्रास इतका झाला की, आता काच बंद पिशवीतच वितळू देतो. ग्लिसरीनसारखी गोठवणीत वापरायची द्रव्ये उष्णतेत अधिक विषारी ठरतात, म्हणून भिजवण्याचे भांडेही बर्फात ठेवलेले बरे.

डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड, गोठवताना पेशी वाचवणारे दुसरे एक द्रव्य) वापरून का पाहत नाही, असे दोघांनी विचारले होते. ते त्वचेतून सहज आत जाते आणि सोबत इतर पदार्थही नेते, म्हणून ते मी घरात आणणार नाही. शिवाय त्याचा परिणाम पटलापुरता थांबत नाही. शार्लट फ्रेंड यांनी १९७१ मध्ये दाखवले की, उंदरांच्या रक्तकर्करोगाच्या पेशी सुमारे दोन टक्के डीएमएसओमध्ये वाढवल्यास हिमोग्लोबिन तयार करू लागतात, म्हणजे लाल पेशींच्या वाटेने त्यांचे विभेदन (विशिष्ट प्रकारच्या पेशीत रूपांतर) सुरू होते. गोठवणीत हेच द्रव्य साधारण दहा टक्के वापरतात. तेव्हा गोठवलेल्या मूलपेशी (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी बनतात त्या) वितळवल्यानंतर ते नीट धुऊन काढणे का महत्त्वाचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

ग्लिसरीन विभेदनावर काही परिणाम करते का, हे पाहण्यासाठी पानफुटीची पाने दहा टक्के द्रावणात अर्धा तास ठेवून, टप्प्याटप्प्याने धुऊन ओल्या वाळूवर ठेवली. साध्या पानांच्या खाचांतून दहाव्या दिवशी मुळे दिसली, भिजवलेल्यांतून सोळाव्या दिवशी. परंतु पानफुटीच्या खाचांत अंकुराचा आरंभ आधीपासून दडलेला असतो, त्यामुळे ही केवळ वाढीतील दिरंगाई असू शकते. बेगोनियाच्या पानात मात्र सालीच्या साध्या पेशींपासून नवे कोंब फुटतात, म्हणून कालच त्याच्या पानाचे बारा तुकडे वाळूवर मांडले आहेत, सहा भिजवलेले आणि सहा साधे.