तुम्ही विचारलंत म्हणून : सोबत आलेलं काढून टाकू का?

प्रश्न दोन रूपांत येतो. इंजिनिअरिंगची पोरं विचारतात, "मॅडम, लॅपटॉपवर आलेलं विंडोज काढून लिनक्स टाकू का?" (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम.) आणि त्यांच्या आया नवा फोन पुढं करून म्हणतात, "अक्का, यातलं नको ते काढून द्या की." पोरांना वाटतं आपण फार तांत्रिक काहीतरी विचारलं, आयांना वाटतं आपण अडाण्यासारखं विचारलं. माझ्या लेखी प्रश्न एकच आहे, आणि आयांनी तो जास्त नेमका विचारलाय. बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे, मागच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास चालतो, त्यामुळं दोन्ही मंडळी भेटतात. गिऱ्हाईक उभं असताना उत्तर अर्धंमुर्धं दिलं जातं, म्हणून आज सलग लिहिते.

फोनवरचं काढा, निर्धास्त काढा. लॅपटॉपवरचं विंडोज काढायचं की नाही, ते तुमचा प्रिंटर आणि तुमचं टायपिंग ठरवेल.

नवा फोन चालू केला की त्यात खरेदीची ॲप्स असतात, गेम असतात, बातम्यांचं एखादं असतं, शिवाय कंपनीचं स्वतःचं ॲपचं दुकान. वडगावच्या एक काकू तक्रार घेऊन आल्या होत्या, "हा फोन मला न विचारता काय काय करूलालाय!" लॉक स्क्रीनवर रोज नवं चित्र आणि त्याखाली जाहिरात. ते ॲप काढायला गेलं तर 'अनइन्स्टॉल'चं बटणच नाही. त्यामागचं कारण असं, की फोनच्या साठवणुकीचे साधारण दोन भाग असतात. एकात तुमचे फोटो आणि तुम्ही घेतलेली ॲप्स. दुसऱ्यात फोनची मूळ यंत्रणा, आणि हा भाग फक्त वाचण्यापुरता उघडा असतो. कारखान्यातून आलेली बरीच ॲप्स या दुसऱ्या भागात बसवलेली असतात, भिंतीतल्या कपाटासारखी. कपाट बंद करता येतं, उचलून बाहेर ठेवता येत नाही. म्हणून तिथं 'डिसेबल' दिसतं. डिसेबल केलं की ते ॲप चालत नाही, दिसत नाही, जाहिरात टाकत नाही. बहुतेकांना एवढंच हवं असतं. जागा मात्र मोकळी होत नाही, हे मी आधीच सांगते, कारण लोक मग "अजून मेमरी फुल्लच" म्हणून परत येतात.

काही ॲप्सना डिसेबलचंही बटण नसतं. त्यावर उपाय आहे. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवलं की डेव्हलपरचे पर्याय उघडतात, तिथं यूएसबी डीबगिंग चालू करायचं, फोन कॉम्प्युटरला जोडायचा आणि एडीबी नावाच्या छोट्या साधनातून आज्ञा द्यायची, की या वापरणाऱ्यापुरतं हे ॲप काढ. ते निघतं. फॅक्टरी रिसेट केलं की परत येतं, कारण मूळ प्रत भिंतीतच असते. गेम, खरेदी, जाहिराती हे सगळं मी असं काढून देते. ज्याचं नाव वाचून काम कळत नाही त्याला हात लावत नाही. भलतंच काढलं तर फोन चालू होताना मध्येच अडकून बसतो. आणि काम झालं की यूएसबी डीबगिंग बंद करते. तुम्हीही करा.

आता यावर कायदा काय म्हणतो? ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीची सगळी ॲप्स एकगठ्ठा बसवण्याची सक्ती फोन बनवणाऱ्यांवर करू नका, आणि सोबत आलेली ॲप्स काढायला वापरणाऱ्याला आडकाठी करू नका, अशा सूचना त्या आदेशात होत्या. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण काही सूचना रद्द केल्या, आणि रद्द झालेल्यांत ही काढून टाकण्याची सूचनाही गेली. वाचून मला राहून राहून आश्चर्य वाटलं होतं. दंड सरकारजमा होतो. काकूंच्या कामाची होती ती सूचना.

दुसरं उदाहरण सरकारचंच. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागानं फोन कंपन्यांना आदेश दिला, की प्रत्येक नव्या फोनवर संचार साथी ॲप बसवूनच द्या आणि त्याची कामं बंद किंवा मर्यादित करता येणार नाहीत असं बघा. गदारोळ झाला, आणि ३ डिसेंबरला ही सक्ती मागं घेतली गेली. ॲप वाईट नाही. फोन हरवला तर त्याचा आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बंद पाडता येतो, आपल्या नावावर किती सिम आहेत ते कळतं. मी स्वतः लोकांना ते वापरायला सांगते. पण चांगलं आहे म्हणून ते काढता येऊ नये, हा कुठला न्याय? उपयोगाचं असेल तर लोक ठेवतील. न विचारता आपल्यासाठी ठरवून टाकणं म्हणजे काय, हे बेळगावच्या मराठी माणसाला वेगळं समजवायला नको, पण तो विषय १९५६ पासून चालू आहे. आपण लॅपटॉपकडे वळू.

लॅपटॉपचं दुखणं डबा उघडल्या उघडल्या सुरू होतं. विंडोज ११ होम पहिल्यांदा चालू करताना इंटरनेट मागतं आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. मग महिनाभर फुकट चालणारा अँटिव्हायरस, जो संपत आला की रोज घाबरवतो. विंडोजची किंमत लॅपटॉपच्या किमतीत धरलेली असते, हे अनेकांना ठाऊकच नसतं. परवान्याच्या मजकुरात लिहिलेलं असतं, की अटी मान्य नसतील तर वापरू नका, परत करण्याबद्दल लॅपटॉप बनवणाऱ्याला विचारा. इटलीत एका गृहस्थानं खरंच विचारलं. विंडोजचे ४२ युरो परत मिळवायला त्याला कोर्टात जावं लागलं, कंपनी वर अपिलात गेली, आणि मोन्झाच्या न्यायालयानं उलट कंपनीलाच त्याला २०,००० युरो द्यायला लावले. आपल्याकडे दुकानात हे विचारलंत तर दुकानदार आधी चहा मागवेल आणि मग हसेल. त्यापेक्षा विकत घेतानाच विचारा, की हाच लॅपटॉप विंडोजऐवजी डॉस किंवा उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) घातलेला मिळतो का. मिळाला तर थोडा स्वस्त पडतो. प्रत्येक मॉडेलमध्ये मिळत नाही.

विंडोज असलेला घेतलाच असेल आणि काढायची भीती वाटत असेल, तर एक गोष्ट ऐका. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये विंडोजचा परवाना मदरबोर्डवरच्या चिपमध्ये नोंदवलेला असतो. उद्या लिनक्स नको झालं आणि तीच आवृत्ती पुन्हा टाकली, तर परवाना आपोआप लागू होतो. पैसे वाया जात नाहीत. मात्र डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, आहे का ते आधी बघा, आणि असेल तर तिची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा आकडा, कागदावर उतरवून ठेवा. ही की नसल्यामुळं रडकुंडीला आलेली पोरं मी पाहिली आहेत. काढायच्या आधी लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. हार्ड डिस्कला धक्का न लावता ते चालतं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, एवढं तपासलं तरी अर्धं काम झालं.

आता प्रिंटर. आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात एक छोटा काळा-पांढरा लेझर प्रिंटर असतो. मरत नाही, कार्ट्रिज भरून मिळतं, सगळ्यांचा लाडका. लिनक्सवर त्याला चालवणं म्हणजे एका रविवारचा बळी. तुमच्याकडे तो असेल तर माझं उत्तर तिथंच संपतं, विंडोज ठेवा. टॅली वापरणारे, कोरलड्रॉमध्ये बॅनर आणि लग्नपत्रिका करणारे, डिजिटल सहीच्या टोकनवर काम करणारे, यांनाही मी तेच सांगते. लिनक्सवाली मित्रमंडळी यावर नाक मुरडतात. मुरडू देत, त्यांना खडेबाजारातल्या गिऱ्हाइकाला पत्रिका वेळेवर द्यायची नसते.

टायपिंगचं प्रकरण मात्र आमच्या भागाचं खास आहे. घरातलं पत्र, मंडळाचा अहवाल, सत्यनारायणाचं निमंत्रण मराठीत. ग्रामपंचायतीचा अर्ज, तहसीलदाराला निवेदन कन्नडमध्ये. मराठीसाठी इतकी वर्षं पैसे देऊन घेतलेले जुने फॉन्ट, कन्नडसाठी नुडी नावाचं सॉफ्टवेअर. दोन्हींच्या कळा वेगळ्या, दोन्हींच्या जुन्या फायली दुसऱ्या मशीनवर उघडल्या की भुताची अक्षरं. म्हणून लोक म्हणतात, "आमचं सगळं विंडोजवरच हाय, हलता येत नाही." आणि गंमत अशी, की ज्यानं ही अडचण सुटते ते विंडोजमध्येही आधीपासून आहे, लिनक्समध्येही आहे, फुकट आहे, आणि कुणी चालूच करत नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड. भारतीय लिप्यांसाठी ही मांडणी एकच ठेवलेली आहे. ज्या कळीवर मराठी 'क' आहे त्याच कळीवर कन्नड 'ಕ'. ज्या कळीवर आपला 'ळ', तिथंच त्यांचा 'ಳ'. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. कन्नडमधले ऱ्हस्व ए आणि ओ तेवढे नव्यानं शिकावे लागतात. माझ्याकडची मुलं मराठी इन्स्क्रिप्ट शिकली की कन्नड टायपिंग जवळपास फुकटात पदरात पडतं, आणि युनिकोड, म्हणजे अक्षरं साठवायची सगळीकडे एकच असलेली पद्धत, असल्यामुळं फाईल कुठल्याही मशीनवर, फोनवरसुद्धा तशीच उघडते. सोबत आलेलं सगळंच कचरा नसतं. पण जाहिरात कधी याची येत नाही, अँटिव्हायरसची येते. एकदा टायपिंग इन्स्क्रिप्टवर आलं, की मग ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची की नाही हा खरोखर तुमच्या मर्जीचा प्रश्न होतो.

ज्यांना मी आग्रहानं लिनक्स सांगते ते वेगळेच लोक आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. खानापूर, नंदगडकडून येणाऱ्या कितीतरी मुलांकडे सेकंडहँड लॅपटॉप आहेत, त्याआधीच्या पिढीचे. मशीन धडधाकट, पण कंपनीच्या हिशेबी म्हातारं. त्यावर लिनक्स मिंट घाला. चार जीबी रॅममध्ये ते आरामात चालतं. जुनी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे तिच्यापेक्षा वेगवान डिस्क, बसवा, फरक बघून घरचे विचारतील नवा कधी घेतला म्हणून.

माझ्या क्लासमधल्या मशीनवर लिनक्सच आहे, पुढच्या दुकानातल्यावर विंडोज. पालक विचारतात, "नोकरीत विंडोज विचारतात, मग पोरांना हे कशाला?" केरळच्या सरकारी शाळांत पंधराहून जास्त वर्षं मुलं लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर शिकताहेत, त्यांचं काही अडलेलं नाही. फाईल, फोल्डर, तक्ता, सूत्र हे एकदा कळलं की खिडकीचा रंग बदलल्यानं बिघडत नाही. एक्सेल मागतात हे खरं आहे, म्हणून शेवटचे धडे मी पुढच्या मशीनवर घेते.

विंडोज ठेवणाऱ्यांनीही एक तास बसून साफसफाई करावी. चाचणीपुरता आलेला अँटिव्हायरस काढा, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप काम सुरू करतो. चालू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम बंद करा. सेटिंगमधल्या सूचना आणि जाहिरातींची बटणं बंद करा. विंडोजसोबत येणारा एज ब्राउझर काढायला जाल तर आपल्याकडे तो सरळ निघत नाही. युरोपात मात्र २०२४ पासून निघतो, कारण तिथल्या कायद्यानं तशी सक्ती केली. सॉफ्टवेअर तेच, कंपनी तीच. म्हणजे अडचण यंत्राची नव्हती, आपल्याकडे तसं सांगणारं कुणी नाही एवढंच. काकूंच्या फोनचंही तेच आहे. म्हणून पोरांनी लिनक्स की विंडोज यावर भांडण्याआधी, काढायचं बटण प्रत्येक मशीनवर असलं पाहिजे यासाठी भांडावं असं मला वाटतं. मग ज्याला विंडोज ठेवायचंय त्यानं खुशाल ठेवावं.

तर काढायचं असेल तर या. फोटो आणि कागदपत्रं आधी दुसरीकडे उतरवून आणा, आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणा, आणि चार्जर विसरू नका. शाळेच्या निकालाच्या दिवसांत येऊ नका, तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते. काढून द्यायचे मी पैसे घेत नाही. तो छोटा प्रिंटर लिनक्सवर चालू करून मागितलात तर घेईन, आणि जास्त घेईन.