आठव्या मजल्यावरचं कुलूप

जुलैत आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. जानेवारी आणि जुलै हे फॉर्म बीचे महिने. इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असा दाखला परवानाधारक एजन्सीने द्यायचा आणि तो अग्निशमन दलाकडे जमा व्हायचा. अशाच एका एजन्सीत मी अकरा वर्षं तपासणीचं काम करतोय.

घोडबंदर रोडवरची ती 14 मजली इमारत आमच्याकडे पहिल्यांदाच आली होती. पाऊस असा की गेटपासून पंपरूमपर्यंत जाईतो मी आणि माझा हेल्पर चिंब झालो. पंपरूम उघडली आणि पॅनलकडे बघूनच मला कळलं, आजचा दिवस लांबणार. लाइनमधलं प्रेशर कायम ठेवणारा छोटा पंप म्हणजे जॉकी पंप. त्याचा स्विच ऑटोवर असायला हवा, तो बंद होता. पंपांच्या मुख्य पाइपावरच्या प्रेशर गेजचा काटा शून्यावर. वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, "रात्री सारखा चालू व्हायचा साहेब, पहिल्या मजल्यावरचे ओरडायचे. म्हणून बंद केला." पंप सारखा चालू होत होता, कारण लाइनमध्ये कुठेतरी गळती होती आणि प्रेशर उतरत होतं. यंत्रणा बिचारी रोज रात्री तेच सांगत होती.

आम्ही वरून खाली यायला सुरुवात केली. चौदाव्या मजल्यावर लँडिंग व्हॉल्व्हचं, म्हणजे आगीच्या वेळी होज जोडायच्या नळाचं, चाक फिरवलं. फुस्स करून थोडी हवा आली, गंजाच्या वासाची. पाण्याचा थेंब नाही. वॉटरप्रूफिंगच्या वेळी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला होता, तो पुन्हा कुणी उघडलाच नव्हता. इथे खरं तर किमान साडेतीन किलो प्रेशर मिळायला हवं. आग विझवायचा पाइप ठेवायच्या लाल पेटीतलं, होज बॉक्समधलं, पितळी नोझल गायब, त्याच्या जागी झाडू आणि फरशी पुसायचं फडकं. जिन्याचं फायर डोअर आपोआप मिटायला हवं, ते वीट लावून उघडं ठेवलेलं. हवा येते म्हणे. ज्या वाटेने हवा येते, त्याच वाटेने धूरही येतो.

नवव्या मजल्यावर मात्र होज बॉक्सच दिसेना. 903च्या बाहेर छातीएवढं चपलांचं कपाट, त्याला टेकवलेली लहान मुलाची सायकल, आणि कपाटाच्या मागे लाल रंगाची कड. बेल वाजवली. कडेवर बाळ घेतलेल्या ताईंनी दार उघडलं. मी कपाट हलवायला सांगितलं, तशा त्या अवघडल्या.

"दादा, कपाट आमचं नाही, घरमालकांचं आहे. आम्ही भाड्याने राहतो. त्यांनी हलवू नका म्हणून सांगितलंय."

त्यांनी तिथल्या तिथे मालकांना फोन लावून स्पीकरवर टाकला. मालक पुण्याला असतात. "माझ्या फ्लॅटसमोरची जागा आहे, कुणाला अडचण होत नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. मी शांतपणे सांगितलं, की फ्लॅट तुमचा, पॅसेज सगळ्यांचा. आणि ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगावच्या सात मजली इमारतीत खाली पार्किंगमध्ये कपड्यांचे गठ्ठे आणि गाड्या पेटल्या, धूर वर चढला आणि झोपेतली माणसं गेली. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "बरं, आत घ्या."

कपाट आत ओढून नेताना हॉलच्या गॅलरीकडे नजर गेली. खालपासून वरपर्यंत वेल्ड केलेली ग्रिल, उघडायला एक झडपही नाही. ताईंना म्हटलं, ही कापायचा अधिकार तुम्हाला नाही, पण मालकांना लेखी कळवा, साधा व्हॉट्सॲप मेसेज का होईना. त्यांनी लगेच फोटो काढून पाठवला. मग म्हणाल्या, "आम्हाला सोसायटीच्या मीटिंगला बोलवत नाहीत. नोटीस मालकांच्या नावाने येते. आग लागली तर जायचं कुठे, हे दीड वर्षात कुणी सांगितलंच नाही."

हे मी इतक्या घरांत ऐकलंय. भाडेकरू सभासद नाही, म्हणून सोसायटी त्याच्याशी बोलत नाही. मालक तिथे राहत नाही, म्हणून त्याला काळजी नाही. आपल्याकडचा 2006चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा इमारतीच्या मालकाबरोबर भोगवटादाराचंही नाव घेतो. भोगवटादार म्हणजे जो प्रत्यक्ष राहतो, वापरतो तो. ताईंच्या करारनाम्यात फ्रिज, पंखे, गिझर, सगळ्यांची यादी होती. जिना कुठे उतरतो, होज रील कुठे आहे, याची एक ओळ नव्हती.

मी त्यांना म्हटलं, "चला, दाखवतो."

ताईंचे सासरेही काठी टेकत निघाले. जळगावकडचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. लिफ्टकडे वळले, तर मी थांबवलं. आगीत लिफ्ट नाही, बाबा. आणीबाणीचे दिवे तपासायचेच होते, म्हणून हेल्परला जिन्याच्या दिव्याचा एमसीबी पाडायला सांगितला. ढगाळ दिवस, खिडकीला पत्रा ठोकलेला. मिट्ट काळोख झाला. एकही दिवा लागला नाही. बाबांचा हात माझ्या दंडावर घट्ट बसला. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि एकेक पायरी करत आठव्या मजल्यावर आलो.

तिथे रेफ्युज एरियाचं दार. त्यावर तळहाताएवढं कुलूप.

बाबा दाराकडे बघत म्हणाले, "हे तर कुणाचं तरी घर आहे ना? कायम बंद असतं म्हणून मला वाटलं, मालक परगावी असतील."

मला काही बोलता येईना. उतरणं ज्यांना जमत नाही, त्यांनी येऊन थांबावं आणि जवानांनी तिथून सुखरूप न्यावं, याच्यासाठी ही जागा असते. ती या माणसाच्या घरापासून एका मजल्यावर होती, आणि ते तिला परक्याचं घर समजून रोज तिच्यावरून जात होते.

किल्ली कमिटीच्या एका सदस्याकडे, ते ऑफिसात. दीड तासाने त्यांची मुलगी कॉलेजातून आली तेव्हा कुलूप निघालं. आत गणपतीच्या मंडपाचे बांबू, कापडाच्या गुंडाळ्या, मखरांचं थर्माकोल, छतापर्यंत. उभं राहायला जागा नव्हती.

सेक्रेटरी साहेब एव्हाना वर आले होते. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या डोक्यात तारीख होती. "अहो, जुलै संपत आलाय. आधीची एजन्सी पंप बघून सही द्यायची. तुम्ही सही करा, कामं आम्ही गणपतीनंतर करून घेतो."

मी सही देणार नाही म्हणालो. ते चिडले, माझ्या साहेबांना फोन केला. साहेबांनी मला एवढंच विचारलं, "चौदाव्याला पाणी आलं का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग विषय संपला." त्या एका वाक्यासाठी मी त्यांचा कायम ऋणी आहे. तिथेच पंपरूमच्या पायरीवर बसून दोन पानांची यादी लिहिली आणि सेक्रेटरींची पोच घेतली. भाडेकरूंनाही नोटीस द्या, हे त्यात शेवटी स्वतःहून घातलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा बोलावणं आलं. गळती पार्किंगमधल्या पाइपाच्या एका जोडाला, फ्लँजला, सापडली होती. पंप ऑटोवर, चौदाव्याला चार किलो. नवीन नोझलं, जिन्यात दिवे. मंडपाचं सामान पत्र्याच्या शेडमध्ये गेलं होतं. 903ची ग्रिल मात्र तशीच होती. मालक बघतो म्हणालेत, असं ताईंनी सांगितलं. मी त्यांना पुन्हा मेसेज टाकायला लावला.

आठव्यावर आलो तर रेफ्युज एरियाचं दार नुसतं लोटलेलं. आत बाबा कठड्याला हात टेकून उभे होते. मला बघून म्हणाले, "घरून इथवर अठरा पायऱ्या. मध्ये एक वळण. काल दिवा बंद करून आलो, सूनबाई मागे होती. चार मिनिटं लागली."

मग काठी उचलून म्हणाले, "थांबा, आता परत वर जाऊन बघतो."