वेताळाचा उडालेला जांभळा

इंदूरच्या खजुरी बाजारात शाळेच्या पुस्तकांच्या दुकानांना लागूनच जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत. तिथल्या गाईडांच्या आणि विटक्या दिवाळी अंकांच्या चळतींत हात घालून इंद्रजाल कॉमिक्सचा एखादा अंक लागतो का, हे पाहण्यात माझ्या कितीतरी दुपारी गेल्या आहेत. पूर्वी दुकानदार असे अंक रद्दीच्या भावाने, मोजल्यासारखे करून देऊन टाकीत असे. आता तोच गृहस्थ आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहतो, मग मुखपृष्ठाकडे पाहतो आणि ‘भिया, ये अब मिलता कहाँ है’ म्हणत किंमत सांगतो. यात त्याचा दोष नाही. चेहरा कोरा ठेवण्याची कला मला या वयातही साधलेली नाही.

मार्च १९६४ मध्ये सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली, आणि तेवढ्या काळात मराठीसह अनेक भारतीय भाषांतून तिने मुलांच्या दोन पिढ्या बिघडवल्या, असे आमचे वडीलधारे म्हणत. अंकाच्या आतली वेताळाची, म्हणजे मूळच्या ‘फँटम’ या मुखवटाधारी नायकाची, चित्रे परदेशी होती, ली फॉक यांनी १९३६ साली वर्तमानपत्रासाठी सुरू केलेल्या चित्रकथेतली. मुखपृष्ठ मात्र इथले असे. गोविंद ब्राह्मणिया या चित्रकाराने रंगवलेल्या मुखपृष्ठांवर वेताळाच्या दंडाचे स्नायू, घोड्याची आयाळ आणि मागचे धगधगणारे आभाळ ज्या उत्साहाने येते, तो उत्साह आतल्या चौकटींत क्वचितच सापडतो. त्यामुळे कथा वाचून विसरून जावी आणि मुखपृष्ठ जपावे, असे माझे मत आहे. ते मी वेताळभक्तांसमोर सहसा मांडत नाही.

घरी आणलेल्या अंकाची पहिली शत्रू म्हणजे मधली पिन. ती गंजते, गंज कागदात उतरतो आणि तिच्याभोवतीचा कागद कुरडईसारखा तुटू लागतो. पिनेचे पाय बोथट सुरीने उचलून ती काढायची, रबराचा बारीक चुरा पसरून बोटाच्या पोटाने मळ टिपायचा आणि फाटलेल्या कण्याला आतून पातळ जपानी कागदाची पट्टी मैद्याच्या खळीने चिकटवायची, एवढेच खरे तर माझे शास्त्र. साड्यांना खळ करणाऱ्या आजीने ती किती पातळ ठेवावी हे शिकवले होते. बोटावरून ओघळली पाहिजे, पण थेंब पडता कामा नये. नवी पिन गंजणार नाही अशी पाहून जुन्याच भोकांतून घालायची. सर्वांत मोठा वैरी मात्र कसर नव्हे, वाळवीही नव्हे. तो म्हणजे कुण्या प्रेमळ पालकाने लावलेला सेलोटेप. काही वर्षांनी त्याची वरची पट्टी आपोआप गळून पडते आणि खालचा चिकटा कागदात मुरून तपकिरी डाग तेवढा मागे राहतो, तो कायमचा.

कागद असा सावरता येतो. रंगाला मात्र औषध नाही. भिंगाखाली पाहिले तर वेताळाचा जांभळा पोशाख जांभळा नसतोच. निळ्या आणि गुलाबी ठिपक्यांची ती दाट पेरणी असते. एका अंकात तर छपाईत लाल ठसा किंचित सरकल्यामुळे वेताळाच्या प्रेयसीच्या, डायनाच्या, ओठांची लाली थेट हनुवटीवर उतरली आहे. उन्हात गुलाबी आणि पिवळी शाई आधी उडते. निळी आणि काळी चिवटपणे टिकून राहतात. म्हणून दुकानाच्या दर्शनी भागात वर्षानुवर्षे टांगलेल्या अंकावरचा वेताळ हळूहळू निळा होत जातो. गंमत अशी की स्वीडनमध्ये छापला जाणारा वेताळ मुळातच निळा असतो, आणि इटलीत तो चक्क लाल होता. आमच्या वेताळाने मात्र माळव्याच्या उन्हात उभे राहूनच स्वीडन गाठले.

हे कळण्याआधी मी एक पाप केले आहे. असाच एक निळसर पडलेला वेताळ पाहून मला दया आली आणि मुलीच्या रंगपेटीतला गुलाबी जलरंग अगदी पातळ करून मी त्याच्या खांद्यावरून फिरवला. दोन मिनिटे तो खरोखरच जांभळा दिसला. मग रंग कागदाच्या बारीक भेगांत शिरला, पाणी आटून कडेला गडद रेघ उमटली आणि वेताळाच्या खांद्यावर, शाळेत मारामारी करून आल्यासारखा, सुजलेला वळ उठला. शाईच्या चकचकीत पापुद्र्यावर जलरंग बसत नाही आणि जिथे पापुद्रा उडाला आहे तिथे तो नको तितका शोषला जातो, ही साधी गोष्ट कळायला एक मुखपृष्ठ खर्ची पडले.

पुढे त्याच अंकाची दुसरी प्रत मिळाली, गठ्ठ्याच्या तळाशी अंधारात राहिलेली आणि म्हणून अजून जांभळी. रामबागेतल्या आमच्या घराच्या पश्चिमेच्या खिडकीपासून दूर, कपाटाच्या खालच्या खणात दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या आहेत. येणाऱ्यांना मी जांभळा वेताळ दाखवतो. मुलगी मात्र हटकून दुसरा बाहेर काढते आणि पाहुण्यांना तो वळ कुणी उठवला ते सांगते.