'बी'चं पोट पुढं

सुवर्णमहोत्सव समितीचं पत्र आलं. 'शाळेचे गुणवंत माजी विद्यार्थी म्हणून चार शब्द लिहावेत.' गुणवंत हा शब्द वाचून हसू आलं. याच शब्दानं पाचवीचं निम्मं वर्ष मला रडवलं होतं.

1986 चा जून. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच, म्हणून मी आणि घरामागचा माझा दोस्त एसटीचा पास काढून इथं आलो. पाचवी क, शेवटून दुसरा बाक. गुरुजींच्या जागी सर आले आणि इंग्रजी आलं. आताच्या पोरांना खोटं वाटेल, पण तेव्हा मराठी शाळेत एबीसीडी पाचवीलाच सुरू व्हायची. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली.

महिना झाला असेल नसेल, चौथीच्या स्कॉलरशिपचा निकाल लागला. मराठी, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी असे पेपर असायचे. गावच्या गुरुजींनी पहाटे कंदिलाच्या उजेडात आमच्याकडून सराव पेपर घासून घेतले होते. बुद्धिमत्तेत आरशातलं घड्याळ हमखास यायचं. आरशात 3 वाजून 20 मिनिटं दिसतात, तर खरे किती वाजले? गुरुजी सांगायचे, 11 वाजून 60 मिनिटांतून वजा करा. 8 वाजून 40. संपलं. याला बुद्धिमत्ता म्हणायचं की घोकंपट्टी, तुम्हीच ठरवा. मला स्कॉलरशिप मिळाली. दोस्त परीक्षेला बसलाच नव्हता; फेब्रुवारीत त्यांचा ऊस तुटत होता. आकडेमोडीत तो माझ्यापुढं होता, हे मला माहीत होतं आणि त्यालाही.

दुसऱ्या दिवशी शिपाईमामा नोटीस घेऊन वर्गात आले. माझं नाव वाचलं आणि दप्तर उचलून अ तुकडीत जायला सांगितलं. सगळा वर्ग बघत होता. दोस्तानं बाकावरची माझी पट्टी हातात दिली, बोलला काहीच नाही.

अ तुकडीत एबीसीडी कधीच उरकली होती, शब्द चालू होते. क मध्ये आम्ही अजून मोठी अक्षरंच गिरवत होतो. लहान अक्षरं माझ्या वाटणीला आलीच नाहीत. मला लहान 'बी' आणि लहान 'डी' एकसारखेच दिसायचे. हात वर करावा म्हटलं, तर सर आधीच म्हणायचे, "स्कॉलरला काय विचारायचं, त्याला येतंच!" वर्ग हसायचा, मीही हसायचो. दिवाळीपर्यंत मी एक प्रश्न विचारला नाही. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत राहिलो. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं माझं नाव लिहिलेलं, रोज त्याच्यासमोरून मान खाली घालून जायचो. पेंटरनं आडनावातला एक काना खाल्ला होता, तेवढाच दिलासा. वाटायचं, तो कुणीतरी दुसराच असेल.

सहामाहीला इंग्रजीत 100 पैकी 31. प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी, भाकरीच्या फडक्याखाली.

एसटी स्टँडवर दोस्तानं फडकं सोडलं आणि त्याला ते सापडलं. मला वाटलं, आता हा हसणार. त्यानं विचारलं, "कुठं अडतंय?" चार महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सांगितलं. त्यानं वाळक्या काटकीनं धुळीत दोन अक्षरं काढली. क तुकडीच्या बाईंनी त्यांना आठवडाभर हेच शिकवलं होतं, म्हणे. "हे बघ. 'बी'चं पोट पुढं, 'डी'चं ढुंगण मागं. चालतोय कुणीकडं, तेवढं बघायचं." आमची साडेपाचची गाडी त्या नादात चुकली. दोघांनीही घरी मार खाल्ला.

पुढं वर्षभर शाळा सुटल्यावर स्टँडवर आमची शाळा भरायची. मी त्याला आरशातली घड्याळं दिली, त्यानं मला स्पेलिंगं. वार्षिकला मला 58 पडले, त्याला 64. त्याचं नाव शाळेतल्या कुठल्याच फळ्यावर नाही. समितीला जमलं तर बघावं, रंगाचा खर्च माझा.

काल हा मजकूर त्याला फोनवर वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाकी ठीक आहे, पण ते ढुंगण काढ. स्मरणिकेत छापणार नाहीत."